मुंबईत उतरायचे कुठे?

मुंबईला जायचे ठरले की आपल्याकडे घरात पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, "उतरायचे कुणाकडे?" कुठे उतरायचे, हा प्रश्न त्यानंतर येतो, किंवा बहुधा येतच नाही. कुणाची आत्या विक्रोळीला असते, कुणाचा साडू अंबरनाथला असतो, गावातला एखादा मुलगा नालासोपाऱ्यात खोली घेऊन राहत असतो. फोन होतो, "या, या, घर तुमचेच आहे" असे तिकडून म्हटले जाते आणि आपली मंडळी पिशव्या भरू लागतात. काम असते परळला आणि मुक्काम अंबरनाथला. जायचे असते मंत्रालयात आणि झोपायचे असते नालासोपाऱ्याला. दोन दिवसांनी माणूस गावी परततो तेव्हा मुंबईविषयी एकच सांगतो, बाबा रे, फार गर्दी आणि सगळेच फार लांब.

मी गेली वीस-बावीस वर्षे मुंबईत लिपिकाची नोकरी करतो. मूळ गाव जालना जिल्ह्यात. गावाकडून येणाऱ्यांना स्टेशनवर घ्यायला जाणे, दवाखान्यात केसपेपर काढून देणे, परीक्षेला आलेल्या मुलामुलींची सोय पाहणे हे आमच्या मंडळाचे नेहमीचेच काम होऊन बसले आहे. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख. ज्यांनी मुंबई मुळीच पाहिलेली नाही, किंवा फक्त ६ डिसेंबरला पाहिली आहे, अशा वाचक बंधुभगिनींसाठी तो मुख्यतः आहे.

६ डिसेंबरला पाहिलेले दादर हे रोजचे दादर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवशी शिवाजी पार्कवर महापालिकेचे मंडप असतात, पाण्याची सोय असते, भोजनदान करणारी मंडळे असतात. रस्ता कुणाला विचारावा लागत नाही. गर्दीच्या मागे चालत राहिले की माणूस चैत्यभूमीवर पोचतो आणि तशीच गर्दी त्याला स्टेशनवर आणून सोडते. दहा वेळा ६ डिसेंबरला येऊन गेलेल्या माणसाला दादर स्टेशनातून परळच्या दवाखान्याकडे कोणत्या बाजूने बाहेर पडायचे हे ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. इतर दिवशी येणाऱ्याला आपली जागा आपणच शोधावी लागते.

त्यासाठी शहराची ठेवण समजली पाहिजे. मुंबई ही लांब आणि अरुंद आहे. दक्षिणेच्या टोकाला कुलाबा, चर्चगेट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुने व्ही. टी. तिथून लोकलचे मार्ग उत्तरेकडे जातात. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून वांद्रे, अंधेरी, बोरिवलीवरून विरारकडे. मध्य रेल्वे दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, कल्याणकडे. हार्बर मार्ग वडाळा, कुर्ला, चेंबूरवरून नवी मुंबई आणि पनवेलकडे. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मोठ्या मार्गांची स्टेशने एकमेकांना लागून आहेत ती दादरला. म्हणून मुंबईकर कुणालाही भेटायचे झाले की "दादरला भेटू" म्हणतो.

इथे किलोमीटरला किंमत नाही, मार्गाला आहे. एकाच मार्गावरची दोन स्टेशने वीस किलोमीटर लांब असली तरी जवळ आणि वेगवेगळ्या मार्गांवरची दोन ठिकाणे सहा किलोमीटरवर असली तरी लांब, असा इथला हिशोब आहे. दुसरे म्हणजे गर्दीची दिशा. सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी उत्तरेकडे परततो. जो कल्याणला किंवा नालासोपाऱ्याला उतरतो त्याला सकाळी त्याच लोंढ्यात शिरावे लागते. जो दादरला उतरून अंधेरीला किंवा ठाण्याला कामाला जातो तो बऱ्यापैकी उलट्या दिशेने जातो. आणि तिसरे, पूर्व की पश्चिम. प्रत्येक स्टेशनला दोन बाजू असतात. पत्त्यात "दादर" एवढेच लिहिले असेल तर तो पत्ता अर्धाच समजावा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गावाकडून पहिल्यांदा मुंबईला येणारी आपली बरीच माणसे हौसेने येत नाहीत, आजारपणाने येतात. जिल्ह्याच्या डॉक्टरने "टाटाला घेऊन जा" असे सांगितले की घराचे वासे फिरतात. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. तिथून जवळच के. ई. एम., शेजारी मुलांचे आणि स्त्रियांचे वाडिया. सगळा महाराष्ट्रच काय, बिहार-बंगालपर्यंतची माणसे या दोन-चार रस्त्यांवर उतरतात. ज्यांची सोय होत नाही ती माणसे तिथल्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात. नाकात नळी घातलेला रुग्ण आणि बाजूला स्टोव्हवर भात शिजवणारी त्याची बायको, हे चित्र ज्याने एकदा पाहिले त्याला "मुंबईत राहायचे कुठे" हा प्रश्न सहलीचा वाटत नाही.

परभणी जिल्ह्यातले एक कुटुंब अशाच कामाने आले. वडिलांना घशाचा आजार, किरणोपचार, ज्याला आपण शेक म्हणतो, तो आठवड्यातले पाच दिवस आणि असे कितीतरी आठवडे घ्यायचा होता. मुक्काम बदलापूरला पुतण्याकडे. पुतण्या भला माणूस, त्याने स्वतःचा पलंग दिला, सून रोज पेज करून डब्यात भरून देई. पण पहाटे साडेपाचला निघायचे, लोकलमध्ये उभे राहायचे, परळला पोचायचे, नंबर लागेपर्यंत बसायचे आणि परत तीच गाडी. शेक घेतलेल्या माणसाच्या घशाची आग होते, पाणी गिळवत नाही. तिसऱ्या आठवड्यात वडील म्हणाले, "मला गावी न्या, जे होईल ते तिथे होऊ द्या." त्यांना औषधाने थकवले नव्हते, बदलापूरने थकवले होते. मग खटपट करून दादरला सोय झाली आणि उपचार पुरा झाला. पुढे जे व्हायचे ते झाले, ते इथे सांगत नाही. पण उपचार अर्धवट सोडून निघून गेलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे मूळ कारण मुक्कामाची जागा हेच होते.

म्हणून सांगतो, टाटाला किंवा के. ई. एम.ला येणार असाल तर मुक्काम परळ, दादर, नायगाव, लालबाग, शिवडी, फार तर माटुंगा, याच पट्ट्यात शोधावा. भायखळ्यापासून लालबाग, परळ, हिंदमाता, दादर टी. टी., माटुंगा, शीव असा सरळ जाणारा जो मोठा रस्ता आहे त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. त्या रस्त्याला किंवा त्याच्या गल्ल्यांना धरून राहिलात की बेस्टच्या बसने दवाखाना गाठता येतो आणि लोकलचे नावही काढावे लागत नाही. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती बाहेरगावच्या रुग्णांसाठीच आहे. रुग्णालयाची कागदपत्रे लागतात आणि जागा लगेच मिळेलच असे नाही, पण नाव नोंदवावे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तिथल्या बाई किंवा साहेब अशा जागांसाठी पत्र देतात, अन्य धर्मशाळांची माहितीही त्यांच्याकडे असते. आपली माणसे औषधाच्या खिडकीपाशी चार तास उभी राहतील, पण या विभागात पाऊल टाकत नाहीत, कारण तो आहे हेच कुणी सांगितलेले नसते. पहिल्याच दिवशी तिथे जावे.

आणखी एक. टाटाचेच केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे आणि काही रुग्णांचे उपचार तिकडे ठरतात. तेव्हा खोलीचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी उपचार परळला की खारघरला हे डॉक्टरांकडून पक्के करून घ्यावे. खारघर ठरले तर दादरचा आग्रह कशाला? सरळ हार्बर मार्गावर, तिकडेच जागा पाहावी.

गाडगेबाबांचे नाव निघाले म्हणून आठवले. पंढरपुरात आपल्या माणसांना कुणी ओसरीवर झोपू देत नसे, तेव्हा बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. परक्या गावात रात्री पाठ टेकायला जागा मिळणे ही आपल्या समाजाला कधीच साधी गोष्ट नव्हती. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांनाही जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून दीड रुपया रोजाने ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दिवस बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परत आले. एवढा विद्वान माणूस, पण शहरात राहायची जागा नाही.

"उतरायचे कुणाकडे" हा आपला प्रश्न तिथून आलेला आहे. आपल्या आजोबांना लॉज परवडत नव्हता हे खरेच, पण परवडला असता तरी दार उघडले असते याची खात्री नव्हती. म्हणून ते आपल्या माणसाच्या वस्तीत जात. गिरणगावात एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी झोपे, आणि गावाहून आलेला पाहुणा व्हरांड्यात पथारी टाकी. त्या खोल्यांचे आपल्यावर उपकार आहेत. नसत्या तर आपल्या कितीतरी जणांचे शिक्षण नसते आणि नोकऱ्याही नसत्या.

पण आता तीच सवय आपल्याला अडचणीची होते आहे, आणि मुंबईतल्या नातेवाइकालाही. हे कुणी तोंडाने बोलत नाही, म्हणून मी बोलतो. बी. डी. डी. चाळींची खोली १६० चौरस फुटांची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी इंग्रजांच्या काळात बांधल्या गेल्या आणि त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ती आनंदाची गोष्ट आहे, पण बाकीचे अजून वाट पाहत आहेत. १६० चौरस फुटांत पाच माणसे राहत असतील आणि तुम्ही तिघे गेलात तर काय होते? दहावीची मुलगी अभ्यासाला जिन्यात बसते. म्हातारी सासू भिंतीला सरकते. ज्याला पहाटे चारला कामावर जायचे असते त्याची झोप होत नाही. ती माणसे तुम्हाला हसतमुखाने वाढतात, पाहुण्याला मटण करतात, आणि महिनाअखेरीला वाण्याकडे उधारी वाढते. एक-दोन रात्री ठीक. उपचाराचे सहा आठवडे कुणाच्या घरी काढू नयेत.

नातेवाइकाला कळवावे मात्र जरूर. रविवारी एका वेळच्या जेवणाला जावे, मुलांना काहीतरी घेऊन जावे. त्यांच्या वस्तीतल्या विहाराचा पत्ता आणि मंडळाच्या एखाद्या कार्यकर्त्याचा फोन जवळ लिहून ठेवावा. रक्त लागले, रात्री-अपरात्री धावपळ झाली, दुःखद प्रसंग आला, तर पहिली मदत तिथूनच मिळते. पण पाठ टेकायची ती कामाजवळ.

यावर गावाकडची मंडळी दबक्या आवाजात एक शंका विचारतात. लॉजवर आधार कार्ड दाखवावे लागते, आडनाव दिसते, मग? शंका खोटी नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक शिक्षक पत्नीसह आले होते. फोनवर खोली पक्की झालेली. काउंटरवर कार्ड पाहून "तुम्ही कोणत्या समाजाचे?" असे विचारले गेले आणि नंतर खोलीत नळाचे काम निघाले. रात्रीचे दहा वाजले होते. ते दोघे शेजारच्या दुसऱ्या लॉजवर गेले. तिथे कुणी काही विचारले नाही, रजिस्टरवर सही घेतली आणि किल्ली दिली.

मुंबईत बहुतेक वेळा हे दुसऱ्या प्रकारचेच होते. स्टेशनजवळच्या लॉजवाल्याला भाड्याशी मतलब असतो. ओळखपत्र मागणे हा नियमच आहे, त्यात वावगे काही नाही. मात्र काही धर्मशाळा आणि अतिथीगृहे विशिष्ट समाजाच्या न्यासांची असतात, तिथे त्यांच्याच लोकांना प्राधान्य असते. काही ठिकाणी मांसाहार चालत नाही, बाहेरून डबाही आणू देत नाहीत. हे सगळे फोनवरच विचारून घ्यावे. हॉटेलात जातीवरून कुणालाही अडवता येत नाही, हे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये स्वच्छ लिहिलेले आहे. आजारी माणूस सोबत असताना रात्री वाद घालत बसू नये, आधी दुसरी जागा गाठावी. पण त्या लॉजचे नाव, वेळ, काउंटरवरच्या माणसाचे शब्द वहीत लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. गप्प बसून निघून जाऊ नये.

बाबासाहेब स्वतः परळच्या बी. आय. टी. चाळीत कामगारांच्या शेजारी कितीतरी वर्षे राहिले. पुढे ग्रंथांसाठी घर बांधायचे झाले तेव्हा त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. ती काही आपली वस्ती नव्हती, पण ग्रंथ आणि कामाच्या सोयीची होती. राजगृह पाहायला जाल तेव्हा नुसती बाबासाहेबांची खोली पाहून येऊ नका. आजूबाजूच्या त्या शांत, झाडांच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून या.

दादरच का, असे कुणी विचारील. लॉज दोन्ही बाजूंना आहेत. पश्चिमेला बाहेर पडले की फुलबाजार, भाजीबाजार, कबुतरखान्याचा चौक, प्लाझा, शिवाजी मंदिर नाट्यगृह. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत बायामाणसांचा राबता. एकटी बाई रात्री साडेनऊला स्टेशनवरून चालत आली तर तिच्यासोबत आणखी पन्नास बाया चालत असतात. पूर्वेला टी. टी., म्हणजे खोदादाद सर्कल. ट्रामचे शेवटचे स्थानक म्हणून टी. टी. हे नाव पडले. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, नाव मात्र अजून चालू आहे. पोळीभाजी केंद्रे दोन्हीकडे. गावाच्या माणसाला मराठीत रस्ता विचारता येतो आणि मराठीतच उत्तर मिळते, ही पहिल्या मुक्कामाला केवढी मोठी सोय आहे! पश्चिमेची गर्दी आणि गोंगाट सहन होत नसेल, सोबत आजारी माणूस असेल, तर पूर्व बाजू बरी. पावसाळ्यात मात्र हिंदमाता परिसरातली तळमजल्याची खोली घेऊ नये. जोराच्या पावसात तिथे पाणी भरते.

दादरचे दोष नाहीत असे नाही. भाडे उपनगरांपेक्षा जास्त, खोल्या काडेपेटीएवढ्या, खिडकी असलीच तर ती समोरच्या भिंतीत उघडते. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. समजा कल्याणला खोली ७०० रुपयांत मिळाली आणि दादरला १२०० रुपयांत. फरक रोजचा ५०० रुपये. आता रुग्णाला सकाळच्या लोकलमध्ये चढवता आले नाही आणि एकदा जरी टॅक्सी करावी लागली तर तो फरक एका फेरीतच संपला. शिवाय जाण्या-येण्याचे रोजचे तीन तास आणि जिवाची धास्ती. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून पडून प्रवासी मरण पावले. ते रोजचे, सवयीचे प्रवासी होते. ज्याने आयुष्यात लोकल पाहिली नाही त्याला आपण त्याच वेळेला त्याच दारात उभे करतो, पाचशे रुपये वाचावेत म्हणून!

हिशोबाची दुसरी बाब खोली सोडण्याच्या वेळेची. आपल्या बऱ्याच गाड्या पहाटे पोचतात. लॉजचा नियम दुपारी बाराचा असेल तर पहाटे सहाला घेतलेल्या खोलीचा एक दिवस सहा तासांत संपतो. चोवीस तासांचा नियम असेल तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत खोली तुमची. स्टेशनजवळच्या अनेक लॉजमध्ये चोवीस तासांचा नियम असतो. पैसे देण्याआधी हे विचारा. मोबाईलवर खोली पाहत असाल तर फोटो पाहून भुलू नका, पत्ता पाहा. "मुंबई" म्हणून दाखवलेले हॉटेल मीरा रोडला किंवा पनवेलला निघते. स्टेशन कोणते, पूर्व की पश्चिम, पायी किती मिनिटे, ही तीन उत्तरे लॉजवर फोन करून घ्यावीत, मगच पैसे भरावेत.

मंत्रालय, उच्च न्यायालय, विद्यापीठाचे जुने कार्यालय अशी कामे असतील तर फोर्ट आणि सी. एस. एम. टी.च्या आसपास लॉज आहेत, पण महाग. गिरगाव त्यापेक्षा घरगुती. आपल्याकडे आमदार निवासात साहेबांच्या खोलीवर पथारी टाकायची जुनी रीत आहे. दहा कार्यकर्ते एका खोलीत झोपतात, आणि त्या एका रात्रीची आठवण पुढच्या निवडणुकीपर्यंत करून दिली जाते. ज्याचे त्याने ठरवावे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. तिचे दादरलाही स्थानक आहे आणि विधान भवनालाही. त्यामुळे मंत्रालयाच्या कामासाठी दादरला राहणे आता पूर्वीइतके गैरसोयीचे राहिलेले नाही. गुडघे दुखणाऱ्यांना तर लोकलच्या पुलांपेक्षा हे सरकते जिने केव्हाही बरे.

परीक्षेला येणाऱ्या मुलामुलींनी प्रवेशपत्रावरचे केंद्र आधी नीट वाचावे. "मुंबई" लिहिलेले असले तरी केंद्र पवई, कांदिवली, नाहीतर नवी मुंबईत असते. सकाळी साडेसातला हजर राहायचे असेल तर आदल्या रात्री त्याच मार्गावर, शक्य तर त्याच स्टेशनला मुक्काम करावा. मागे वाशीमहून एक मुलगी वडिलांसोबत आली होती. केंद्र नवी मुंबईत, मुक्काम काकाकडे मालाडला. आम्ही आग्रह करून दोघांना आदल्या संध्याकाळी केंद्राजवळच्या लॉजवर पाठवले. काका दोन दिवस रुसले. मुलगी मात्र सकाळी चालत परीक्षेला गेली. एकट्या मुलासाठी रेल्वे स्टेशनावरची विश्रांतीची खोली किंवा मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये सुरू झालेले कप्प्यांचे हॉटेल हाही मार्ग आहे.

निव्वळ सहलीला मुलाबाळांसह येत असाल तर काय पाहायचे त्यावर जागा ठरवा. चैत्यभूमी, राजगृह, परळची चाळ, फोर्टमधले सिद्धार्थ महाविद्यालय, राणीची बाग, गेटवे, हे सगळे दादरहून होते. पण कान्हेरीची लेणी आणि गोराईचा विपश्यना पॅगोडा हेच मनात असेल तर दोन रात्री बोरिवलीलाच काढा. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे आणि सोमवारी उद्यान बंद असते. मुलांना घेऊन सोमवारी फाटकावरून परत फिरलेली कुटुंबे दर वर्षी भेटतात.

शेवटी स्टेशनाविषयी. कल्याणमार्गे येणाऱ्या बहुतेक गाड्या दादरला थांबतात. तिकीट सी. एस. एम. टी.पर्यंतचे असले तरी दादरला उतरता येते, त्यासाठी ठाणे गेले की सामान दारापाशी आणून ठेवावे, कारण गाडी थोडाच वेळ थांबते. कुर्ल्याच्या टर्मिनसला येणारी गाडी असेल तर तिथून लोकलचे स्टेशन थोडे दूर पडते, ओझे असेल तर सरळ टॅक्सी करावी. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच मिळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे किमान भाडे ३१ रुपये झाले. मीटर टाकायला सांगावे, संकोच करू नये. आणि परतीच्या वेळी दादरच्या फलाटाची पाटी वाचून घ्यावी. डिसेंबर २०२३ पासून तिथे दोन्ही रेल्वेंचे क्रमांक सलग केले आहेत. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू होतात. गावातले जुने जाणकार अजून पूर्वीचेच आकडे सांगतात.